डेटाबेस कोणाच्या भरवशावर?

गेल्या महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी वाचनालयाच्या कार्यकारिणीत वेबसाइटचा विषय निघाला आणि दोन तास झाले तरी आटोपेना. मागणं तसं साधं होतं. पुस्तकांची सूची घरबसल्या दिसावी, पुस्तक आत आहे की बाहेर ते कळावं, सभासदांना वर्गणीची आठवण जावी आणि गणेशोत्सवातल्या स्पर्धांची नावनोंदणी तिथेच व्हावी. पण चर्चा थेट डेटाबेसवर, म्हणजे या सगळ्या नोंदी ज्यात ठेवायच्या त्या सॉफ्टवेअरवर, जाऊन अडकली. एकाचं म्हणणं, पोस्टग्रेस घ्या आणि क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर, ठेवा, उद्या ट्रॅफिक वाढलं तर? दुसऱ्याला मोंगोडीबी हवा होता, कारण त्यात टेबलं आधी ठरवत बसावं लागत नाही. तिसरा म्हणाला, वेबसाइटला जागा देणारे होस्टिंगवाले मायएसक्यूएल देतातच, मग विचार कसला करायचा? ग्रंथपाल काका सगळं ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "हे बंद पडलं तर मी कोणाला फोन करायचा?" कोणीच उत्तर दिलं नाही, आणि चर्चा पुन्हा ट्रॅफिकवर गेली.

मी वीस वर्षं प्रोग्रॅमिंग करते आहे आणि या वाचनालयात परकराच्या वयापासून जाते आहे. माझं मत मी त्या बैठकीत मांडलं, इथेही मांडते. दिवसाला काही शे लोक येतात अशा वेबसाइटसाठी, दुसरं काही घेण्याचं ठोस कारण नसेल तर, एसक्यूलाइट घ्यावा. म्हणजे वेगळा डेटाबेस सर्व्हर नको, सगळा डेटा एका फाइलमध्ये. आणि निवड करताना 'भार किती पेलेल' हे न विचारता 'पाच वर्षांनी हे कोण सांभाळेल' हे विचारावं. छोट्या संस्थांचा डेटा गर्दीनं मेलेला मी अजून पाहिलेला नाही. तो मरतो बेवारशी होऊन.

आमच्याच वाचनालयाचं उदाहरण पाहा. काही वर्षांपूर्वी एका हुशार मुलानं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आमची पहिली वेबसाइट केली. निवृत्त शिक्षिका असलेल्या एका बाईंनी रोज दुपारी बसून दाखल रजिस्टरांतली पुस्तकं त्यात भरली. अकरा हजारांवर नोंदी, जवळजवळ तीन वर्षांचं काम. मुलगा पुढे परदेशी गेला. होस्टिंगचे पैसे त्याच्या कार्डावरून जायचे, ते कार्ड बंद झालं. इशाऱ्याचे ईमेल ज्या पत्त्यावर येत होते तो पत्ता कोणी उघडत नव्हतं. खातं गेलं. बॅकअप होता, त्यामुळे सुरुवातीला कोणी फार घाबरलं नाही. मी ती फाइल उघडली तेव्हा बाई शेजारीच बसल्या होत्या. दाखल क्रमांक ४१२, किंमत ३, पानं १८४, आणि नावाच्या जागी ?????? ??????. लेखकाच्या जागीही तेच. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आकडे तेवढे शाबूत आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर प्रश्नचिन्ह झालेलं. बाई काही बोलल्या नाहीत, चष्मा काढून पुसत राहिल्या.

झालं होतं असं की टेबलात मराठी नीट होतं, वेबसाइटवरही नीट दिसत होतं. पण बॅकअप काढणाऱ्या प्रोग्रामनं सर्व्हरशी बोलताना लॅटिन अक्षरसंच धरला होता. त्या संचात आपलं एकही अक्षर नाही, म्हणून बदल्यात प्रश्नचिन्ह. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत मुळातला अक्षरसंच लॅटिनच होता आणि क्रम लावायचा तो स्वीडिश पद्धतीनं, कारण तो जन्मला स्वीडनमध्ये. दोष त्या डेटाबेसचा म्हणता येणार नाही. योग्य सेटिंग होतं, ते केलं गेलं नाही. पण मुद्दा तोच आहे. सर्व्हरचा अक्षरसंच वेगळा, टेबलाचा वेगळा, जोडणीचा वेगळा, बॅकअपचा वेगळा, आणि या चारही ठिकाणी कोणीतरी जाणत्या माणसानं हात फिरवायचा. असा माणूस ज्या संस्थेत नाही तिच्या गळ्यात ही चार कुलपं कशाला अडकवायची? एसक्यूलाइटची फाइल आपलं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, स्वतःबरोबर घेऊन फिरते. फाइल उचलली की मराठी बरोबर आलं.

आता भाराचा हिशेब. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. वेबसाइटवर दिवसाला ५०० पानं उघडली गेली असं धरा, तर सरासरी जवळजवळ तीन मिनिटांनी एक पान. एसक्यूलाइटचे कर्ते स्वतःची वेबसाइट त्यावरच चालवतात आणि तिथे दिवसाला चार-पाच लाख विनंत्या येतात असं सांगतात. त्यांतल्या काहीच डेटाबेसपर्यंत पोचतात हे खरं. त्यांचा सावध सल्ला असा की दिवसाला लाखापेक्षा कमी हिट्स असलेल्या वेबसाइटचं त्यावर बिनघोर भागावं. आपण त्या लाखाच्या जवळपासही नाही. मग पन्नास हजारांच्या सभेचा मांडव घालून पंधरा माणसांची बैठक कशासाठी घ्यायची?

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे: एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. हो, एकच. पण आपल्या देवघेवीच्या टेबलावर तरी काय चालतं? संध्याकाळी पाच ते आठ काका एकटे बसतात, रजिस्टर एक, पेन एक. दुसरा वाचक मागे उभा राहतो. इथे तो उभा राहणार काही मिलिसेकंद. तीन तासांत साठ पुस्तकं गेली-आली तर तीन मिनिटांनी एक नोंद. गणेशोत्सवाच्या स्पर्धांची मुदत संपण्याच्या शेवटच्या तासात तीनशे अर्ज आले, जे आजवर कधी आलेले नाहीत, तरी बारा सेकंदांना एक. शिवाय २०१० पासून त्यात अशी सोय आहे की एक लिहीत असताना बाकीचे वाचत राहू शकतात. ती चालू करावी लागते, आणि 'दुसरा लिहीत असल्यानं फाइलला कुलूप असेल तर पाच सेकंद थांब' हेही सांगून ठेवावं लागतं. हे दोन्ही न करता 'डेटाबेस लॉक झाला' म्हणून तक्रार करणारे मी बरेच पाहिले आहेत.

दुसरा आक्षेप बडोद्याच्या माणसाला अधिक भिडणारा आहे आणि आमच्या बैठकीत तो मांडलाही गेला. "सयाजीरावांनी आजवा बांधला तेव्हा आजचीच तहान पाहिली होती का?" नव्हती पाहिली. १८९० च्या दशकात शहराची वस्ती लाखाच्या आसपास असताना त्यांनी तीन लाखांना पाणी पुरेल असा तलाव बांधला, आणि त्या दूरदृष्टीचं पाणी आपण आजही पितो. हा युक्तिवाद मी हलक्यानं घेत नाही. पण तलावाचं वैशिष्ट्य काय? तो एकदा बांधला की उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. भिंत वाढवायची तर आणखी गावं उठवावी लागतात. म्हणून तिथे पुढचं आज पाहणं भागच होतं. आमची अकरा हजार पुस्तकांची फाइल भरेल दहा-बारा एमबी, फोनवरच्या तीन-चार फोटोंएवढी. ती उद्या पोस्टग्रेसमध्ये न्यायची झाली तर एक-दोन दिवसांचं काम. जे हलवता येतं त्याच्यावर, न हलवता येणाऱ्या वस्तूचा नियम लावायचा का?

गायकवाडी इतिहासातूनच दाखला घ्यायचा तर मी डभोईचा घेईन. १८६२ मध्ये खंडेराव महाराजांच्या काळात डभोई ते मियागाम अशी रुळांमध्ये अडीच फूट अंतर असलेली नॅरोगेज रेल्वे टाकली गेली आणि तिच्यावरून गाड्या ओढत होते बैल. इंजिनाचं वजन पेलतील असे ते रूळच नव्हते. वाहतूक होती शेतमालाची, कापसाची, आणि तेवढ्याला बैल पुरत होते. गरज दिसली तेव्हा भक्कम रूळ टाकून त्याच वाटेवर इंजिनं आणली. वाट तीच, गेज तेच, बदललं ते ओढणारं. पुढे डभोई हे नॅरोगेजचं मोठं जंक्शन झालं. म्हणून कोणी म्हणेल का, की १८६२ मध्ये बैल जुंपले ही चूक होती?

पण याच दाखल्याची दुसरी बाजूही आहे, ती मी लपवणार नाही. गेज बदलायची पाळी आली तेव्हा मात्र सगळं उखडावं लागलं. आज केवडियाची गाडी डभोईवरून ब्रॉडगेजवर जाते, आणि त्यासाठी जुने रूळ काढून नवे टाकावे लागले. डेटाबेसमध्ये गेज म्हणजे टेबलांची रचना. पुस्तक वेगळं आणि पुस्तकाची प्रत वेगळी, हे पहिल्या दिवशी नाही ठरवलं तर एकाच कादंबरीच्या तीन प्रतींपैकी कोणती बाहेर आहे ते कधीच कळणार नाही. लेखक एकाच कॉलममध्ये कोंबले तर अनुवादक कुठे लिहायचा? ज्यांनी मोंगोडीबी सुचवला त्यांना माझा विरोध याचसाठी आहे. आकार दर नोंदीला बदलतो अशा डेटासाठी तो चांगला. पण ग्रंथालयाच्या नोंदीइतकी ठरीव आकाराची वस्तू दुसरी कोणती असेल? सयाजीरावांनी १९१० मध्ये ग्रंथालयांच्या कामासाठी विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावलं, तेव्हा त्यांनी बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण पद्धत बसवली आणि माणसं तयार केली. पुस्तक कुठे ठेवायचं हे आधी ठरलं. 'टेबलं आधी ठरवावी लागत नाहीत' याचा अर्थ आमच्यासारख्या ठिकाणी एवढाच होतो की विचार पुढे ढकलला, आणि तो करायची वेळ येईल तेव्हा जाणता माणूस जागेवर नसेल. शिवाय २०१७ च्या जानेवारीत पासवर्डाशिवाय इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी कोणीतरी पुसले आणि खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या. नेटवर्कवर दार उघडणारी कोणतीही वस्तू राखणदार मागते. फाइलला दारच नसतं.

पोस्टग्रेसच्या बाजूनं मला मनापासून जे मान्य आहे ते असं. तो शिस्तीचा आहे. आमच्या जुन्या रजिस्टरांत किंमत 'दोन रुपये आठ आणे' अशी अक्षरी लिहिलेली आहे. किमतीच्या आकडी कॉलममध्ये हे शब्द घातले तर पोस्टग्रेस तिथल्या तिथे अडवतो, एसक्यूलाइट मुकाट्यानं ठेवून घेतो. त्यात २०२१ पासून टेबल 'स्ट्रिक्ट', म्हणजे काटेकोर, करण्याची सोय आली आहे, पण ती मागावी लागते. सभासद काढून टाकला तरी त्याच्या नावावरचं पुस्तक तसंच लटकत राहू शकतं, कारण टेबलांमधला दुवा तपासणंही मुळात बंद असतं, तेही चालू करावं लागतं. हे दोन दोष खरे आहेत आणि नवख्याला नक्की चावतात.

वर्णक्रमाचंही तसंच. एसक्यूलाइटनं नावांची यादी लावून काकांना दाखवली तेव्हा त्यांनी दोन मिनिटांत बोट ठेवलं, "काळे वर कसे गेले?" आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, म्हणजे कावळे, काशीकर आणि मग काळे. कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ बसवला आहे ल च्या लगेच पुढे, त्यामुळे निव्वळ संकेतांकानं लावलं की काळे आधी येतात आणि कावळे मागून. पोस्टग्रेसला मराठीचा क्रम सांगता येतो, एसक्यूलाइटला तो स्वतः शिकवावा लागतो. मी क्रमासाठी एक वेगळा कॉलम ठेवला, नोंद होताना तो आपोआप भरतो, आणि काळे आपल्या जागी गेले. एसक्यूलाइटच्या शोधयंत्रणेत आणखी एक खोच निघाली. तिची ठरलेली शब्द तोडण्याची पद्धत मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही, तिथेच शब्द मोडते. मात्रा हाही शब्दाचाच भाग, असं एका ओळीत सांगावं लागतं. ही माहिती मराठीत कुठे लिहिलेली मला सापडली नाही, म्हणून इथे मुद्दाम देते. आणि 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, दिसायला अगदी सारखा, आतून वेगळा. एकीनं भरलेलं पुस्तक दुसरीनं शोधलं तर सापडत नाही. हे दुखणं मात्र कोणताही डेटाबेस घेतला तरी तुमच्या मागे येणारच, नोंद करतानाच एकसारखं करून घ्यावं लागतं. बैठकीतल्या दोन तासांत यावर कोणी एक शब्द बोललं नाही. मराठी वाचनालयाच्या वेबसाइटवर मराठी पुस्तक सापडेल की नाही, यापेक्षा सेकंदाला किती विनंत्या हे आम्हाला महत्त्वाचं वाटलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

काही ठिकाणी मी स्वतः एसक्यूलाइट सुचवणार नाही. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर वेबसाइट करायची असेल तर तो मायएसक्यूएल किंवा त्याचाच भाऊबंद मारियाडीबी मागतो, तिथे हट्ट धरू नये. दोन-तीन सर्व्हर मिळून एकच डेटा लिहिणार असतील तर नको, नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवायची असेल तरी नको. आणि काही क्लाउडवाले दर वेळी नवा कोड चढवला की जुनी डिस्क फेकून देतात, तिथे फाइल ठेवली तर ती पहिल्याच बदलात जाईल. म्हणून साधा, कायम डिस्क असलेला छोटा सर्व्हर घ्यावा.

मग क्लाउडवरचा फुकट डेटाबेस का नको, असं तरुण सभासद विचारतात. फुकट आहे, बॅकअपही तेच घेतात. पण फुकट कोणाच्या मर्जीवर? हेरोकू या क्लाउड सेवेनं २०२२ च्या नोव्हेंबरात आपल्या फुकट योजना बंद केल्या, त्यात फुकट पोस्टग्रेसही गेला. ज्यांनी ईमेल वाचले ते वाचले. काही सेवांमध्ये आठवडाभर कोणी आलं नाही तर फुकट डेटाबेस थांबवून ठेवतात, म्हणजे कमी वर्दळ हाच गुन्हा ठरतो. दिवाळीत वाचनालयाला सुटी असते, तेव्हा आमच्याकडे कोण येणार? पैसे भरून घेतलेली सेवा चांगली असते यात शंका नाही, पण दर महिन्याचा तो खर्च कोणाच्या कार्डावर, या प्रश्नाशी आपण पुन्हा येऊन पोचतो.

एसक्यूलाइटचा जन्मही याच त्रासातून झाला. २००० मध्ये रिचर्ड हिप अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. डेटाबेस सर्व्हर बंद असला की त्यांचा प्रोग्रॅम निरुपयोगी व्हायचा आणि बोल लागायचा तो त्यांच्या प्रोग्रॅमला. सर्व्हरशिवाय, थेट डिस्कवरून डेटा वाचता आला तर? त्या विचारातून हा डेटाबेस झाला. त्यांनी तो सर्वांना मोकळा केला, त्यावर कोणाचा मालकी हक्क नाही. तुमच्या अँड्रॉइड फोनमधले संपर्क आणि मेसेज त्यातच असतात. आजच्या फाइली २०५० पर्यंत उघडता येतील अशी सोय ठेवू असं कर्त्यांनी जाहीर केलं आहे, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं डेटा जपून ठेवण्यासाठी शिफारस केलेल्या प्रकारांत ही फाइल आहे. ग्रंथालयानं ग्रंथालयाचं ऐकावं असं मला वाटतं.

एका फाइलचा धोका मात्र नीट समजून घ्यायला हवा. जी सहज उचलता येते ती सहज चोरताही येते. सभासदांचे फोन नंबर, पत्ते त्यात आहेत. फाइल वेबसाइटच्या उघड्या फोल्डरमध्ये राहिली तर पत्ता टाइप करून कोणीही उतरवून घेईल, आणि ही चूक मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. म्हणून ती त्या फोल्डरच्या बाहेर ठेवायची, आणि सभासदांची फाइल पुस्तकांच्या फाइलपासून वेगळी. चालू फाइल नुसती कॉपी करायची नाही, लिहिणं अर्ध्यात असेल तर प्रत बिघडू शकते. त्यासाठीची बॅकअपची आज्ञा त्यातच आहे, तीच वापरायची.

येत्या रविवारी कार्यकारिणी पुन्हा बसते आहे. मी तिथे प्रत्येक सुचवणाऱ्याला एकच विनंती करणार आहे. आपापला डेटाबेस घेऊन या, त्यात रजिस्टरातली वीस पुस्तकं भरा, बॅकअप काढा आणि तो बॅकअप काकांच्या हाती द्या. काकांनी तो ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर, आपल्यापैकी कोणाचीही मदत न घेता, उघडायचा आणि दाखल क्रमांक ४१२ च्या पुस्तकाचं नाव मोठ्यानं वाचायचं. ज्याच्या बॅकअपमधून नाव वाचता येईल त्याचा डेटाबेस घ्यावा, मग तो पोस्टग्रेस असला तरी माझी हरकत नाही. बाईंनी पुन्हा पहिल्या रजिस्टरापासून सुरुवात केली आहे. परवा त्या ६०० व्या नोंदीवर होत्या.